नवसागराचे नऊ डाग

मित्रांनो, सगळ्यात आधी एक सांगून टाकतो. मी किटली नाही. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात मला ठेवल्यापासून रोज कोणी ना कोणी काचेला नाक लावून विचारतं, "ही चहाची किटली इथे कशाला?" परवा सातवीतल्या एका मुलीने तर मला अत्तरदाणी ठरवलं. अरे, काही लाज आहे की नाही! मी एक जुना ब्लो-लॅम्प आहे. अस्सल पितळेचा, आणि वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा. तेव्हा जरा अदबीने बोला.

तसं ब्लो-लॅम्प हे नाव फक्त खोक्यावर होतं. मुलुंडच्या कारखान्यात मला त्या नावाने एकानेही कधी हाक मारली नाही. तिथे सगळे मला 'भडक्या' म्हणायचे. मी तापट आहे हे मला कबूल आहे. तापलो नाही तर माझा उपयोगच काय? माझ्या पोटात रॉकेल भरायचं, नळीखालच्या वाटीत थोडं स्पिरिट पेटवायचं, नळी गरम झाली की दट्ट्याने हवा मारायची आणि चावी सोडायची. मग बघा गंमत! फर्रर्र करून माझ्या तोंडातून वीतभर निळा जाळ निघायचा. तुमच्या आजीकडे हवा मारायचा पितळी स्टोव्ह होता ना, तो माझ्याच कुळातला. त्याचं तोंड वर, माझं समोर, एवढाच फरक. तो भात शिजवायचा, मी कथील वितळवायचो.

माझा जन्म परदेशातला. पत्रा ठोकून माझं पोट केलं, नळी बसवली, बुडाशी नंबर मारला, आणि लाकडाच्या भुशात ठेवून मला बोटीत टाकलं. त्या प्रवासाचं मला काही आठवत नाही. आठवतं ते थेट मुंबईच्या लोहार चाळीतल्या दुकानाचं फळकूट आणि तिथे आलेला दत्ताराम. साल १९५१. चाळिशीच्या आतबाहेरचा, काळासावळा, खाकी अर्धी चड्डी घातलेला माणूस. त्याने मला उचललं, कानाशी धरून हलवलं, दुकानदाराकडून पाणी मागून माझ्या पोटात भरलं आणि कुठे गळतोय का ते उलटंपालटं करून बघितलं. मग मान हलवून आपल्या मालवणीत म्हणाला, "हो चलात." म्हणजे हा चालेल. जन्मात माझी झालेली ती पहिली स्तुती. पुढे पुष्कळ झाली, पण तिची सर कशाला नाही.

तेव्हाचं मुलुंड तुम्हाला सांगितलं तर खोटं वाटेल. आग्रा रोडच्या दोन्ही अंगांना झाडं, झाडांमागे भाताची खाचरं, आणि खाचरं संपली की डोंगर. मधूनच एखाद्या कारखान्याची शेड उभी राहायची. आमचा कारखाना रबराचा. चपलांचे तळ आणि सायकलच्या ब्रेकची रबरं तिथे व्हायची. सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे दोन जाड लोखंडी रूळ. त्यांच्यामध्ये रबर घालून मळायचं. कामगार त्याला घाणा म्हणायचे. घाणा फिरला तर कारखाना फिरायचा. घाणा थांबला की चाळीस माणसं हातावर हात ठेवून बसायची. त्या रबराचा वास माझ्या पितळेत इतका मुरला होता की अजूनही उन्हाळ्यात कपाट तापलं की मला तो येतो, आणि आला की मन कसंनुसं होतं.

दत्ताराम तिथला वायरमन. गिरणीत उमेदवारी करून शिकलेला. यंत्राला वीज जोडायची म्हणजे नुसती तार खुपसायची असं तुम्हाला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाका. बारीक तार असेल तर दोन टोकं चकचकीत खरवडून एकमेकींना पीळ द्यायचा. जरा जाड असेल तर बोल्टखाली वळसा घालून आवळायची. पण मोठ्या मोटरची केबल असते अंगठ्याएवढी, आत तांब्याच्या पंचवीस-तीस तारा. ती बोल्टखाली बसत नाही. मग तिच्या टोकाला तांब्याची एक टोपी चढवावी लागते. तिला थिंबल म्हणतात. थिंबलच्या चपट्या शेपटीला भोक, त्यातून बोल्ट जातो. आणि केबल थिंबलमध्ये घट्ट बसवायची तर त्यात कथील वितळवून ओतायचं. ह्यालाच आमच्याकडे म्हणायचं डाग देणं. आता कळलं मी कुठे लागायचो?

दत्तारामचा डाग बघत राहावा असा. आधी तारा काच-कागदाने घासून लालबुंद करायचा. मग राळ लावायचा. राळ म्हणजे झाडाचा चीक, तुम्ही देवळात धुपाबरोबर बघितली असेल. राळ लावली की कथील तारांच्या आत आत शिरतं. मग तो माझा जाळ थिंबलवर धरायचा, कथिलाची कांडी लावायचा, केबल आत दाबायचा आणि हात स्थिर ठेवायचा. डाग थंड होईपर्यंत हात हलला तर संपलं, डाग कच्चा. पण थंड झाला हे कळायचं कसं? दत्ताराम रेल्वेची स्टेशनं मोजायचा. "मुलुंड... भांडुप... विक्रोळी... घाटकोपर... कुर्ला." बारीक केबल कुर्ल्याला सुटायची. घाण्याच्या केबलला दादरपर्यंत जावं लागायचं. नवा कोणी मध्येच बोलायला आला की दत्ताराम डोळ्यांनीच दटावायचा, आणि बाकीचे हसून सांगायचे, "थांब रे, दत्ताराम शीव स्टेशनला पोचलाय."

डाग थंड झाला की फडक्याने पुसायचं, मग वर काळी पट्टी गुंडाळायची. पट्टी गुंडाळली की आतलं पुन्हा कुणी बघत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दत्तारामच्या मनात एकच गोष्ट होती. वायरमनचा सरकारी परवाना. तुम्ही म्हणाल, एवढं चांगलं काम येतं तर परवाना कशाला? तर ऐका. परवाना नसलेला माणूस कागदावर मदतनीस. कारखान्यातलं सगळं काम दत्ताराम करायचा, आणि महिन्यातून एकदा बाहेरचा एक परवानाधारक यायचा, चहा प्यायचा आणि न वाकता, न बघता, दत्तारामच्या कामाखाली स्वतःची सही ठोकून जायचा. दत्ताराम ती सही वाळेपर्यंत बघत उभा राहायचा. मला ते बघवत नसे. परीक्षेसाठी तो जेवणाच्या सुट्टीत एक फाटकं पुस्तक वाचायचा, शब्द ओठांनी पुटपुटत. परीक्षा दिवाळीनंतर होती, आणि तिला बसायला कारखान्याच्या इंजिनियरचं पत्र लागायचं की या माणसाचं काम भरवशाचं आहे. आमचे इंजिनियर श्यामकांतराव १९५५ च्या मे महिन्यात नवीन आले होते. कडक माणूस, पण डोळस. तीन महिने दत्तारामचं काम बघून ते म्हणाले, "दत्ताराम, पत्र देतो तुम्हाला. माझ्या हाताने लिहीन." दत्ताराम त्या दिवशी मला पेटवताना गुणगुणत होता, आणि त्याचा सूर फार वाईट होता हो!

आता सहदेवची ओळख करून देतो. कुडाळकडचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा गडी. मुंबईत आला तेव्हा घाटकोपर स्टेशनजवळच्या एका कल्हईच्या दुकानात राबला. पातेली, हंडे, बंब, जे गळेल त्याला डाग देऊन देऊन हात तयार झालेला. मग दत्तारामनेच त्याला आमच्या कारखान्यात चिकटवला. अजून कायम झाला नव्हता. बदली कामगार. म्हणजे आज आहे, उद्या नाही म्हटलं तर नाही. दोघं एकाच खोलीत राहायचे आणि सुट्टी वाटून घ्यायचे. एकाने शिमग्याला गावी जायचं, दुसऱ्याने गणपतीला.

त्या वर्षी शिमगा दत्तारामचा होता. निघताना ट्रंक खांद्यावर आणि तोंडात घाई.

"सहदेवा, माझ्या मागे खय थिंबल सुटला तर डाग देशीत मां?"

सहदेव हसला. "डाग? अरे दत्तादा, घाटकोपरात माझो जलम डाग देण्यात गेलो!"

"मगे झाला तर," म्हणून दत्ताराम गेला सुद्धा.

बस्स. एवढंच बोलणं झालं. दोघांनी एकच शब्द वापरला आणि दोघांच्या डोक्यात वेगळी वस्तू होती. मला तेव्हाच ठसका लागला.

कारण मित्रांनो, पातेल्याचा डाग वेगळा आणि केबलचा वेगळा. पातेल्याला डाग देताना लावतात नवसागर. नवसागर हा एक खार. तो गरम भांड्यावर टाकला की पांढरा धूर निघतो, मळ जळतो आणि कथील चटकन पसरतं. नंतर पातेलं घासून धुतलं की नवसागर गेला. पण केबल कशी धुणार? तारांच्या आत अडकलेला नवसागर तिथेच राहतो, हवेतली ओल पितो आणि तांबं खात बसतो. म्हणून केबलला राळच लागते. राळ मागे राहिली तरी निरुपद्रवी.

शिमग्यात अर्धा कारखाना कोकणात. शेड ओस पडलेली. आणि नेमके तेव्हाच शेजारच्या खाचरांतल्या घुशी आत शिरल्या आणि तीन मोटरांच्या केबलांची टोकं कुरतडून गेल्या. घाण्याची, तळ कापायच्या यंत्राची आणि विहिरीवरच्या पंपाची. सहदेव बिचारा कामाला वाघ. त्याने मला पेटवलं, खिशातून कागदाची पुडी काढली, आणि त्यातली पांढरी पूड तारेवर टाकली.

माझ्या नाकात तो धूर गेला आणि मी ओळखलं. मी ओरडलो! पण माझं ओरडणं म्हणजे काय, फरफर. मी जाळ पिवळा केला, थुंकलो, विझायला आलो. सहदेवला वाटलं, माझं भोक तुंबलं. त्याने पिन घेतली आणि माझ्या तोंडात खुपसली. "चल रे भडक्या, नखरे नको!" आणखी काय करणार होतो मी? एका मोटरला तीन तारा, तीन मोटरांचे नऊ डाग. नऊच्या नऊ त्याने माझ्याच जाळावर दिले. वरून दिसायला एकदम झकास. काळी पट्टी तर दत्तारामपेक्षा सुबक गुंडाळली.

दत्ताराम गावाहून गोड खाजं घेऊन आला. सहदेव म्हणाला, "थोडे डाग दिलंय हां." दत्तारामने सुबक पट्टी बघितली, त्याच्या पाठीवर थाप मारली, "शाबास!" आणि पुढच्या कामाला लागला. उघडून बघितलं नाही. आपला माणूस म्हणून विचारलंही नाही. मी तिथेच होतो, मुकाट.

चैत्र गेला, वैशाख गेला. मग दमट दिवस आले, भिंतींना ओल आली, आणि काळ्या पट्टीच्या आत नवसागर जागा झाला.

श्रावणातला सोमवार. सकाळचे दहा वाजले असतील. घाणा एकाएकी कण्हायला लागला. मोठी मोटर तीन तारांवर चालते. एक तार तुटली तर ती लगेच थांबत नाही, उरलेल्या दोघींच्या जिवावर कुथत राहते, तापते आणि जळते. दत्ताराम मला घेऊन पलीकडच्या शेडमध्ये होता. आवाज ऐकून तो मला हातात धरूनच धावला. स्विच ओढला, पण मोटरीतून दाट धूर येत होता आणि जळक्या वार्निशचा वास सगळ्या शेडभर झाला होता. वाट लागली होती. रुळांमध्ये अर्धवट मळलेलं रबर तसंच लोंबत राहिलं.

श्यामकांतराव माडीवरच्या ऑफिसातून खाली आले. मोटरीवरचा जोडणीचा डबा उघडला, जळकी पट्टी सोडवली. एका थिंबलमधून केबल निसटली होती. तारा झिजून सुतासारख्या झालेल्या, आणि थिंबलमध्ये हिरवी भुकटी.

"डाग कच्चा निघालाय," ते म्हणाले. "दत्ताराम, हा तुमचाच ना?"

दत्तारामने थिंबल हातात घेतलं. नखाने हिरवी भुकटी खरवडली, जिभेला लावली आणि थुंकली. खारट. त्याला कळलं, मी बघितलं त्याच्या चेहऱ्यावर. त्याने मान वर केली. गर्दीच्या टोकाला सहदेव उभा होता, टोपी हातात चुरगाळत. चेहरा पांढराफटक. बराच वेळ दत्ताराम त्याच्याकडे बघत राहिला. सहदेवने नजर खाली घातली.

"होय सायब," दत्ताराम म्हणाला. "माझोच."

अरे देवा! मला त्या क्षणी वाचा हवी होती. माझं पोट फुटलं असतं तरी चाललं असतं. खोटं आहे हो साहेब, खोटं! मी होतो तिथे, मला विचारा! पण दिव्याला कोण विचारतं?

श्यामकांतरावांचा चेहरा उतरला. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "एक चूक मी पोटात घातली असती," ते म्हणाले. "पण परवाना म्हणजे उद्या दुसऱ्या कारखान्यातली माणसं तुमच्या भरवशावर काम करणार. असा डाग देणाऱ्याला परवाना द्या, हे मी कसं लिहू? तुम्हीच सांगा."

दत्तारामने खिशातलं ते फाटकं पुस्तक काढलं, हत्यारांच्या पेटीत सगळ्यात खाली ठेवलं, आणि वर हातोडी ठेवली.

जेवणाच्या सुट्टीत त्याने सहदेवला स्टोअरमागे नेलं. मी पेटीवरच होतो.

"किती दिलंस?"

सहदेव टोपी उलटसुलट करत राहिला.

"किती, मेल्या? थय पंप जळात, थय कापायचा यंत्र जळात. कोणाचो हात गेलो तर?"

"नऊ," सहदेवच्या तोंडून कसंबसं निघालं. आणि मग एकदम रडू फुटलं त्याला. "दत्तादा, माका वाटला, डाग म्हंजे डाग! तू सायबाक माझा नाव कित्याक नाय सांगलंस? तुझा पत्र गेला..."

"तू बदलीतलो. तुका आजच घालवलो असतो." दत्तारामने फडकं त्याच्या हातात दिलं. "आणि डाग दी म्हणून मीच सांगलंय. कशान दी, ता नाय सांगलंय. पट्टी बरी दिसली, शाबास म्हटलंय. उघडून बघूक व्हया होता, ता मी नाय बघलंय. चल, ऊठ. खय खय दिलंस ता दाखय."

त्या दुपारचं काम मी कधी विसरणार नाही. सहदेव पुढे, दत्ताराम मला घेऊन मागे. सहदेव बोट दाखवायचा, दत्ताराम पट्टी सोडवायचा. हिरवी झालेली तार कापून टाकायची, मागची लाल तार उघडी करायची, काच-कागदाने घासायची, राळ लावायची. पहिला डाग दत्तारामने दिला. बाकीचे आठ त्याने सहदेवकडून करून घेतले. दत्ताराम त्याचं मनगट धरून मोजत होता, "भांडुप... हलव नको... विक्रोळी..." मी त्या दिवशी एकदाही थुंकलो नाही. इतका सरळ, निळा जाळ मी आयुष्यात कधी दिला नव्हता.

माडीवरच्या काचेमागे श्यामकांतराव उभे होते. एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाणारं सहदेवचं बोट ते बघत होते. खाली आले नाहीत, काही विचारलं नाही. थोड्या वेळाने काचेवरचा पडदा ओढला.

संध्याकाळी भोंगा झाला, सगळे गेले. दत्ताराम मला पुसत बसला. एकदा पुसलं, ठेवलं, पुन्हा उचलून पुसलं. डोळ्यांत पाणी होतं का? होतं. मी खोटं कशाला सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामकांतरावांनी सगळ्यांना बंद पडलेल्या घाण्याजवळ बोलावलं. त्यांच्या हातात एक कागद होता.

"दत्ताराम, मी काल तुमचं पत्र लिहिलं. ऐका." त्यांनी चष्मा लावला. "'दत्ताराम यांचं काम मी तीन महिने जवळून बघितलं आहे. त्यांच्या हातचा एकही जोड कधी सैल निघालेला नाही.' आता गंमत बघा. यावर मी सही केलेली नाही. काल तुम्ही म्हणालात, जळालेला डाग तुमचा. तो तुमचा असेल तर हे पत्र खोटं. आणि पत्र खरं असेल तर तुम्ही खोटं बोललात. खोट्या कागदावर मी सही करत नाही. बोला, खोटं काय?"

दत्तारामने त्या कागदाकडे बघितलं. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा कागद होता तो, आणि हात पुढे केला तर मिळत होता.

"पत्र खोटा आसा, सायब," तो म्हणाला.

श्यामकांतरावांनी मान हलवली. कागद दोन्ही हातांत धरला, मधोमध. फाडणारच होते.

"नाय सायब!"

आवाज मागून आला होता, आणि फाटलेला होता. सहदेव माणसं ढकलत पुढे आला. टोपी पडली तरी त्याने उचलली नाही.

"पत्र खरा आसा. डाग माझो. नवसागरान मी दिलंय. दत्तादा गावाक होतो." आता त्याची मान वर होती. "काल सांगूक व्हया होता. भियालंय."

श्यामकांतरावांनी पेन काढलं. घाण्याच्या थंड रुळावर कागद ठेवला आणि सही केली. मग सहदेवकडे वळले. "काल दुपारीच समजलं मला. न दिलेले डाग कोण बोटाने दाखवतो? पण ते मी सांगून काय उपयोग होता? तू सांगायला हवं होतंस." आणि मग त्यांच्या नेहमीच्या कडक आवाजात, "आठ दिवस घरी बस. नवव्या दिवशी ये, आणि राळ घेऊन ये."

दत्ताराम तसाच उभा होता, पत्र हातात धरून. कोणीतरी म्हणालं, "अरे, वाच तरी!" त्याला वाचता येईना. अक्षरं दिसत नव्हती त्याला.

दिवाळीनंतर त्याला परवाना मिळाला. पुढच्या महिन्यात तो चहा पिणारा सहीवाला आला, तेव्हा त्याला फाटकावरूनच परत जावं लागलं. दत्तारामने आपल्या कामाखाली आपली सही केली. सही जरा तिरकी आली, पण मला ती फार आवडली. दोन वर्षांनी तो मोठ्या कारखान्यात गेला आणि जाताना मला सहदेवच्या हाती देऊन गेला. फाटकापर्यंत सरळ गेला, मागे वळून बघितलं नाही. मला राग आला होता, खरं सांगतो. अजून थोडा आहे.

पन्नाशीचं दशक सरता सरता आमच्याकडे एक लांब दांड्यांची पक्कड आली. थिंबल चढवायचं, पकडीत धरून दाबायचं, झालं. जाळ नाही, राळ नाही, कथील नाही, स्टेशनं मोजणं नाही. मी गरम होईपर्यंत तिचे चार जोड होऊन जायचे. मी तिचा फार मत्सर केला. पण खोटं बोलणार नाही, तिचे जोड चांगले असतात, आणि तिच्यामुळे कुणाचे हात भाजत नाहीत. मग मी फळीवर गेलो. एका कोळ्याने माझ्या तोंडात जाळं केलं. कोणीतरी मला दाराला टेकण म्हणून लावलं, येणारा-जाणारा लाथ मारायचा.

सहदेव सेवानिवृत्त झाला तेव्हा त्याने साहेबांकडे माझ्याशिवाय काही मागितलं नाही. पिशवीत घालून इथे आणलं, त्याची नात ह्याच शाळेत होती ना. तुमच्या बाई म्हणाल्या, "छान चमकवून ठेवू हं आजोबा." सहदेव त्यांना ही सगळी गोष्ट सांगत बसला, नऊच्या नऊ डागांसकट. स्वतःचं नाव कुठे गाळलं नाही.

तेव्हा मित्रांनो, मला वर्षातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा, माझं भोक पिनने मोकळं ठेवा, आणि कृपा करून मला किटली म्हणू नका. आणि एक मागणं आहे, तेवढं नक्की ऐका. तुमच्या हातूनही कधीतरी चुकेल. वरून कुणाला दिसणार नाही, आणि काळी पट्टी फार सुबक गुंडाळता येते. तशी एखादी पट्टी गुंडाळून बसला असाल, तर ती आजच सोडवा. कारण आत राहिलेला नवसागर गप्प बसत नाही, आणि जळते ती दुसऱ्याची मोटर.